पिंपल्स आणि काळ्या डागांवर घरच्या घरी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की डिचोलीत राहता, वय २२, कपाळावर आणि हनुवटीवर पिंपल्स येतात, गेले तरी काळे डाग मागे राहतात आणि तुम्हाला नैसर्गिक उपायच हवेत. मी फोंड्यात औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी लिंबू बंद करा. लिंबाच्या रसाचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) २ च्या आसपास असतो, आपल्या त्वचेचा साधारण ५. त्यात लिंबाच्या सालीतले आणि रसातले काही घटक ऊन लागलं की त्वचा अक्षरशः भाजून काढतात. एक मुलगी सकाळी लिंबू-मध लावून, वरवर तोंड धुऊन स्कूटरने पणजीला गेली होती. काही दिवसांनी दुकानात आली तेव्हा गालापासून मानेपर्यंत तपकिरी पट्टा उमटला होता. रस जिथून ओघळला, नेमकी तीच रेघ. असा डाग जायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. खायचा सोडा आणि टूथपेस्टही चेहऱ्यापासून लांबच ठेवा.

कपाळावरच्या बारीक पुटकुळ्यांचं कारण पुष्कळदा केसांचं तेल असतं. खोबरेल केसांना उत्तम, पण आपल्या दमट हवेत ते घामाबरोबर कपाळावर उतरतं आणि रंध्रं बुजवतं. न्हायच्या तासभर आधी लावा, मग केस धुऊन टाका. रात्रभर डोक्यावर ठेवून उशीला पुसू नका. हनुवटीसाठी हेल्मेट बघा. पावसाळ्यात आतलं अस्तर आणि पट्टा कधी धड सुकतच नाही, आणि तोच ओला पट्टा रोज हनुवटीला घासतो. अस्तर निघत असेल तर आठवड्याला धुवा, पट्टा ओल्या फडक्याने पुसून घ्या. हेल्मेट घालणं मात्र सोडू नका.

लावायचंच असेल तर कोरफड चांगली. पान कापलं की पिवळट चीक गळतो, तो खाज आणतो. म्हणून पान थोडा वेळ उभं करून चीक निथळू द्या, पाण्याने धुवा, मग आतला पारदर्शक गर तेवढा घ्या आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा. याने जळजळ आणि लाली कमी होते, पिंपल्स मुळापासून जात नाहीत. मुलतानी मातीने तेलकटपणा तात्पुरता उतरतो. आठवड्यातून एकदा पुरे, आणि पूर्ण वाळून तडकायच्या आत धुवा. वनस्पतींपैकी बऱ्यापैकी तपासलेलं म्हणजे टी ट्री ऑइल. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात ५ टक्के टी ट्री जेल आणि ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड (पिंपल्सवर लावायचं नेहमीचं औषध) यांची तुलना झाली होती. दोन्हींनी पिंपल्स कमी झाले. टी ट्रीला वेळ जास्त लागला, पण त्रास कमी झाला. बाटलीतलं निव्वळ तेल मात्र थेट लावायचं नसतं.

डागांवर सगळ्यात मोठा इलाज म्हणजे पिंपल न फोडणं आणि ऊन टाळणं. नवीन इजा झाली नाही तर हे डाग काही महिन्यांत आपोआप फिकट होतात. उन्हाने ते पुन्हा गडद होतात. केमिकल नको असेल तर झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्या, ते खनिज आहे. एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि चेहरा-मानेला दोन बोटं भरून. वाटाण्याएवढ्याने काही होत नाही.

मार्च ते मे या दिवसांत आणखी एक गोष्ट बघा. ओठांच्या कडेला अचानक खाजरे, पाणी धरणारे फोड आले तर ते पिंपल्स नसतात. पुष्कळदा आंब्याच्या देठाचा चीक किंवा काजूच्या टरफलातलं तेल लागलेलं असतं. दोन्ही झाडं बिब्याच्याच कुळातली. त्यावर हळद-बेसन चोळलं तर आणखी चिघळतं.

आता कळकळीने सांगते. शेजारणीने दिलेली 'गोरं करणारी' ट्यूब लावू नका. त्यांतल्या बऱ्याच ट्यूबांत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं. पहिल्या आठवड्यात चेहरा छान दिसतो, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि बंद केलं की पिंपल्स दुपटीने उसळतात. अशा मुली समोर उभ्या राहिल्या की फार वाईट वाटतं, कारण त्यांनी विश्वासाने लावलेलं असतं.

बाकी दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, बस. बांगडा सोडायची गरज नाही. गोड आणि मैदा कमी केल्याने काहींना फरक पडतो. काहीही सुरू केलंत तरी आठ आठवडे द्या.

तेवढ्यात उतार पडला नाही, गाठी दुखऱ्या आणि खोल असतील, खड्डे पडत असतील, किंवा पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येत असतील, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचारोग विभागात दाखवा. जाताना आजवर जे जे चेहऱ्याला लावलंत त्या सगळ्या ट्यूब आणि डब्या पिशवीत घालून न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.