चार संघ रिकामे आहेत, कोणता घ्यावा?

वाचकांचे प्रश्न : संगणकावरचे खेळ

प्रश्न : 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' या बेसबॉल संघ चालवण्याच्या संगणक-खेळावरच्या एका ऑनलाइन लीगमध्ये मला जीएमची, म्हणजे संघ चालवणाऱ्याची, जागा मिळतेय. तीसपैकी चार संघ रिकामे (जीएमविना) आहेत आणि रविवारपर्यंत एक निवडून कळवायचाय. गेल्या मोसमात अ संघानं ९१ सामने जिंकले, ७१ हरले. धावा केल्या ६९०, दिल्या ६८४. ब : ७८-८४, धावा ७०२, दिल्या ७१५. क : ५९-१०३, धावा ६४०, दिल्या ८०२. ड : ८३-७९, धावा ८७१, दिल्या ८५८, मैदान डेन्व्हरचं. पगाराचं एकूण बिल अ चं १६८ दशलक्ष डॉलर, क चं ८४. माझा कल अ कडे आहे. क घेतला तर मित्र खुळ्यात काढतील.
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : अ घेऊ नका. तो ९१ विजयांचा संघच नाही. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांचं जुनं सूत्र लावून बघा : केलेल्या धावांचा वर्ग, भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. ६९० चा वर्ग ४,७६,१००, ६८४ चा ४,६७,८५६. भागाकार ०.५०४ येतो. १६२ सामन्यांनी गुणलं की ८२ विजय. वरचे नऊ बहुधा अटीतटीचे सामने पदरात पडल्यामुळे मिळालेत, ते दरवर्षी पडत नाहीत. हेच गणित ब ला ८०, ड ला ८२ आणि क ला ६३ विजय देतं. म्हणजे अ, ब, ड एकाच पायरीवर आहेत आणि त्या पायरीचे सगळ्यात जास्त पैसे अ मोजतोय की काय, ते बघायचं.

कोल्हापुरात तालमीचा फुटबॉल संघ घराच्या पत्त्यावर ठरतो, तिथं निवडीचा प्रश्न येत नाही. इथं मात्र कागद बघूनच ठरवायचं, आणि पहिला कागद कराराचा. कमिशनरकडून (लीग चालवणाऱ्याकडून) लीगची फाइल मागून घ्या, आपल्या संगणकावर उघडा आणि चारही संघांचं पगाराचं पान वर्षवार बघा. चालू वर्षाच्या बेरजेवर थांबू नका. दोन वर्षांनंतरच्या रकान्यात किती रक्कम आधीच बांधलेली आहे आणि ती कोणाच्या नावावर आहे, हे खरं महत्त्वाचं. समजा, ३३ वर्षांचा फर्स्ट बेसमन आहे आणि वर्षाला २४ दशलक्षांप्रमाणे अजून चार वर्षं उरलीत. हे ९६ दशलक्षांचं ओझं तुमच्या गळ्यात. या खेळात बहुतेक फलंदाज पंचविशी ओलांडल्यावर भरात येतात आणि तिशीनंतर उतरू लागतात. त्याला सोडून दिलं तरी उरलेले पैसे द्यावेच लागतात, आणि असा करार दुसरा जीएम फुकटात घेत नाही; सोबत एखादा चांगला पोरगा मागतो. अशी दोन-तीन नावं दिसली तर संघ कितीही वर असो, पुढच्या संघाच्या पानावर जा.

त्यानंतर सर्व्हिस टाइम. मेजर लीगमधले, म्हणजे सर्वोच्च पातळीवरचे, १७२ दिवस म्हणजे एक वर्ष धरलं जातं. साधारण तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत खेळाडू किमान पगारावर, तीन ते सहा वर्षांत आर्बिट्रेशन (लवादाकडून पगार ठरणं), म्हणजे पगार दरसाल चढत जाणार, आणि सहा झाली की फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघाकडे जायला मोकळा. चांगला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) पाच वर्षं पूर्ण करून बसला असेल तर तो तुमचा एकाच मोसमाचा. तोच एकच वर्ष पूर्ण केलेला असेल तर पाच मोसम हाताशी आहेत. वय आणि स्टार (खेळातली गुणवत्तेची खूण) सारखे असूनही या दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि नवखे जीएम नेमके इथंच फसतात.

मायनर लीगचा, म्हणजे खालच्या पातळीवरच्या तरुण खेळाडूंचा, क्रमांक बघाल, पण त्यावर फार विसंबू नका. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांची संभाव्य क्षमता मोठी दिसते म्हणून संघ वर चढतो; त्यातली बरीच पोरं वाटेतच गळतात. डबल-ए आणि ट्रिपल-ए या मायनर लीगच्या वरच्या दोन पायऱ्यांमध्ये २१ ते २४ वयाचे किती जण आहेत ते मोजा. असे पाच-सहा असतील तर दोन मोसमांत संघ उभा राहतो. बघताना स्काउटचा (खेळाडू पारखणाऱ्याचा) अहवाल ओएसए वर, म्हणजे खेळातल्या तटस्थ संस्थेवर ठेवा. संघाच्या स्वतःच्या स्काउटची नजर कच्ची असेल तर आकडे फसवे येतात आणि संघ ताब्यात आल्यावर नवा स्काउट नेमला की तेच आकडे हलतात.

ड बद्दल एवढंच, की डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ असल्यानं चेंडू लांब जातो आणि पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) वळणारा चेंडू कमी वळतो. खेळात हे पार्क फॅक्टरमध्ये, म्हणजे मैदानाच्या परिणामाच्या आकड्यात, उतरलेलं असतं. तिथले फलंदाज आकडेवारीत आहेत त्यापेक्षा मोठे दिसतात, पिचर छोटे. सरासरी, होमरन, ईआरए (पिचरनं दिलेल्या धावांची सरासरी) बाजूला ठेवा आणि फक्त रेटिंग (खेळानं दिलेले कौशल्याचे गुण) बघा. रेटिंगमध्ये तीन धड सुरुवातीचे पिचर निघाले तर ड चा विचार करण्यासारखा आहे. ब हा त्यातल्या त्यात कंटाळवाणा सौदा : प्लेऑफ (मोसमाअखेरची बाद फेरी) नाही, वरचा ड्राफ्ट क्रमांक (नवे खेळाडू निवडण्याची आधीची पाळी) नाही, आणि सुधारायला बहुधा पैसाही नाही.

म्हणून आमचं मत क. ८४ दशलक्षांचं बिल म्हणजे हात मोकळे. मात्र कळवण्याआधी कमिशनरला तीन गोष्टी विचारा. आधीच्या जीएमनं जाता जाता पुढच्या वर्षाचे ड्राफ्ट पिक, म्हणजे निवडीचे हक्क, विकले का? ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची, नोंद बघितली की कळतं. सोडून जाणारे लोक शेवटच्या महिन्यात असे उद्योग करतात. ड्राफ्टचा क्रम सरळ उलट्या गुणतक्त्यानं लागतो की लॉटरीनं? खऱ्या एमएलबीत (अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये) २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा जागांसाठी लॉटरी आहे, आणि लीगनं तोच नियम घेतला असेल तर १०३ पराभव म्हणजे पहिला क्रमांक हे गृहीत धरता येत नाही. आणि तिसरं, खेळातल्या संघमालकाची उद्दिष्टं चालू आहेत की बंद? चालू असतील आणि मालकाला याच वर्षी प्लेऑफ हवा असेल, तर तीन वर्षांची योजना घेऊन जाणाऱ्याची नोकरी पहिल्याच वर्षी जायची. बाजारपेठ छोटी असेल तर एवढ्यावरून नाकारू नका; प्रेक्षकांचा उत्साह जिंकल्यावर वाढतो. बाजारपेठ छोटी आणि बिल मोठं, हा जोड मात्र टाळाच.

प्रश्न : माझी शिफ्टची नोकरी आहे. आमच्या लीगचा सिम (संगणकानं पुढचे सामने खेळवणं) सोमवार, बुधवार, शुक्रवार, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार रात्री ९ ला होतो. जमेल का? आणि कोणता संघ सोसेल?
— शिवाजी उद्यमनगर

उत्तर : तुमच्याकडे तो मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी ६.३० ला होईल. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळ मागे जातं, तेव्हापासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत ७.३०. एक्स्पोर्ट, म्हणजे तुमच्या बदलांची फाइल, आदल्या रात्रीच पाठवून मोकळे व्हा. 'सकाळी उठून पाठवतो' म्हणणारे नेमके रात्रपाळीच्या आठवड्यात हुकतात.

क्रम असा : सिम झाला की नवी फाइल उतरवा, खेळात उघडा, तारीख तपासा, बदल करा, एक्स्पोर्ट करा, आणि ती लीगच्या पानावर पोचली का ते बघा. सगळ्यात जास्त गोंधळ जुन्या फाइलवर बदल केल्यानं होतो. तुम्ही बुधवारची फाइल न घेता सोमवारच्याच फाइलवर क्रम लावता, एक्स्पोर्ट जातो, पण लागू होत नाही, आणि जखमी पिचर तसाच यादीत राहतो. खेळाची आवृत्ती लीगपेक्षा जुनी किंवा नवी असली तरी हेच. लीगची पूर्ण फाइल जड असते, मोबाईलच्या डेटावर उतरवायला बसू नका. तुमच्याकडून जाणारी एक्स्पोर्ट फाइल हलकी असते.

आठवड्याला दोन-तीन तासच मिळणार असतील तर फलंदाजीचा क्रम, पिचरची पाळी आणि मायनर लीगमधली बढती सहायकांवर सोपवा. करार, वेव्हर (या यादीतला खेळाडू इतर संघ उचलू शकतात) आणि खेळाडू सोडणं मात्र स्वतःकडेच ठेवा. एकदा संगणकानं ऑप्शन, म्हणजे वेव्हरशिवाय खाली पाठवायची मुभा, संपलेल्या पोराला खाली पाठवायला वेव्हरवर टाकलं की दुसरा संघ त्याला उचलतो, परत मिळत नाही. अशा वेळापत्रकाला स्थिर, तरुण संघ सोसतो. रोज ट्रेड करून उभा करायचा संघ सोसत नाही.

प्रश्न : तळाचा संघ नुकताच ताब्यात घेतलाय. पहिल्याच दिवशी अकरा ट्रेडचे निरोप आलेत. काय करू?
— शाहूपुरी

उत्तर : कोणालाही होकार देऊ नका. नवा जीएम आला की जुनेजाणते आधी त्याच्याकडेच धावतात, आणि ते तुमच्याकडून काय मागतायत यावरून तुमच्याकडे चांगलं काय आहे ते फुकटात कळतं. एकच नाव चार जण मागत असतील तर त्याला वहीत वर लिहा.

दरम्यान संघाची ४० जणांची मुख्य यादी साफ करा. तिथं जागा अडवून बसलेले तिशीपुढचे रिलीव्हर (सामन्याच्या मध्ये-शेवटी येणारे पिचर) असतात. नोव्हेंबरमध्ये रूल ५ ड्राफ्टच्या (यादीबाहेरचे खेळाडू इतर संघ उचलतात त्या निवडीच्या) आधी चांगल्या पोरांना त्या यादीत घ्यावं लागतं, नाहीतर दुसरा संघ घेऊन जातो. अठरा किंवा त्याहून कमी वयात करार केलेल्याला साधारण पाच मोसमांनंतर, एकोणीस किंवा पुढच्याला चार मोसमांनंतर. लांबच्या दुखापतीवाल्यांना ६० दिवसांच्या जखमी यादीत टाकलं की मोसम चालू असेपर्यंत जागा मोकळी होते, पण हिवाळ्यात ती यादी रिकामी करावी लागते.

विकायला काढायचं ते भरात असलेले रिलीव्हर आणि तिशीतले फलंदाज, तेही ट्रेडची मुदत जवळ आल्यावर. प्लेऑफच्या मागं लागलेले संघ तेव्हाच भाव देतात. कॅचर (यष्टिरक्षकासारखा) आणि सेंटर फिल्डर (मैदानात मध्यभागी खोलवर उभा राहणारा) विकायची घाई नको. चांगलं क्षेत्ररक्षण करणारे या दोन जागी कमीच सापडतात, आणि ते गेले की तरुण पिचरचेही आकडे बिघडतात.

प्रश्न : क्रिकेट कळतं, बेसबॉल फारसं नाही. तरी घेऊ का?
— कसबा बावडा

उत्तर : घ्या, पण पहिल्या मोसमात क्रम सहायकांना लावू द्या आणि तुम्ही फक्त बघा. फलंदाजाची सरासरी न बघता बेसवर पोचण्याचं प्रमाण, म्हणजे ओबीपी बघायची सवय लावा. वॉकनं, म्हणजे पिचरच्या चार चुकीच्या चेंडूंमुळे, पोचलेला माणूसही धाव देतो. पिचरचे स्टफ (फलंदाजाला चकवण्याची ताकद), मूव्हमेंट (चेंडूची हालचाल), कंट्रोल (अचूकता) हे तिन्ही आकडे एकत्र वाचा. स्टफ मोठं आणि कंट्रोल मातीत, असा माणूस सुरुवातीच्या डावांना ठेवला तर तिसऱ्या डावात बेस भरून देतो. त्याला शेवटच्या एका डावापुरता ठेवा. आणि संघ निवडताना मोठं शहर बघून जाऊ नका, वर राजारामपुरीच्या वाचकांना दिलेलं पगाराचं पान तुम्हालाही लागू आहे.