अंजीर-हॅम : पाणी का सुटलं?

प्रश्न : पुरंदरची ताजी अंजिरं आणली, प्रत्येकाला इटालियन प्रोशुत्तोचा (मिठात मुरवलेल्या कच्च्या हॅमचा, म्हणजे डुकराच्या मांसाचा) काप गुंडाळला आणि सकाळीच ताट फ्रीजमध्ये ठेवलं. संध्याकाळी हॅम लिबलिबीत झालेलं, अंजिरं बेचव. काय चुकलं?

उत्तर : सकाळी गुंडाळलंत, तिथेच. हॅममधलं मीठ अंजिराचं पाणी ओढून घेतं. त्यात अंजिराच्या चिकात फायसिन नावाचं प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. फळ तासन्‌तास चिकटून राहिलं की मांसाचा पृष्ठभाग मऊ पडत जातो. ताट वाढायच्या आधी १० मिनिटं लावा, त्याहून लवकर नाही.

चौघांना ८ अंजिरं आणि ८ कागदासारखे पातळ काप, म्हणजे साधारण १०० ते १२० ग्रॅम, पुरतात. फळं अर्धा तास आधी बाहेर काढा. थंडगार अंजिराची गोडी जिभेला कळतच नाही, तुमची बेचव लागली ती बहुधा त्यामुळेच. हॅमचे काप मात्र गार असतानाच चरबीच्या कडेला धरून सुटे करा, ऊब लागली की फाटतात. मग १५ मिनिटं बाहेर राहू द्या. चरबी किंचित पारदर्शक दिसली की झालं. ती कापून टाकू नका, चव तिच्यातच आहे.

देठाचा शेंडा उडवा. वरून फुलीसारखा छेद द्या, बुडाशी १ सेंटिमीटर सोडून थांबा आणि बुड चिमटीत दाबा. अंजीर फुलासारखं उघडतं. काप उभा फाडून शेजारी सैल सोडा. वर मिरपूड आणि ऑलिव्ह तेलाचे चार थेंब. मीठ अजिबात नको.

फळ निवडताना मान लवलेली आणि सालीवर बारीक चिरा असलेली घ्या. देठाशी पांढरा चीक आला तर ते कच्चं, जीभ चुरचुरेल. झाडावरून उतरवलेलं अंजीर घरी मऊ पडतं, पण फारसं गोड होत नाही. उन्हाळ्यात येणारं पीक, म्हणजे मीठा बहर, यासाठी जास्त बरं.

प्रश्न : सँडविचचं हॅम चालेल का?

उत्तर : नाही. ते शिजवलेलं, ओलसर असतं. अंजिराशेजारी पचपचीत लागतं. पाकिटावर ‘क्रूदो’ म्हणजे कच्चं, मुरवलेलं. ‘कोत्तो’ म्हणजे शिजवलेलं. पार्मा किंवा सान दानिएले हे इटालियन क्रूदो हॅम मिळालं तर उत्तम, स्पॅनिश सेरानोही चालतं. हे मांस न शिजवता खायचं असल्याने गरोदर बाईच्या ताटात हॅमऐवजी चीज वाढा, तेही पाश्चराइज्ड दुधाचं.