नव्या व्हिंटेज पोर्टला किती हवा द्यावी?

पोर्तुगालमधल्या पोर्तोहून आणलेली २०१७ सालची व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच वर्षीच्या द्राक्षांची गोड, कडक वाईन, मुंबईच्या घरी उघडली, तर स्पिरिटचा भपकारा आला आणि तोंड तुरट झाले. बाटली खराब निघाली काय, असे आपण विचारले आहे. बहुधा नाही. आपण ती लवकर चाखलीत, वयाच्या हिशेबाने आणि घड्याळाच्याही.

पोर्ट करताना पोर्तुगालच्या दोउरो नदीखोऱ्यातल्या द्राक्षरसाचे आंबणे अर्ध्यावर असतानाच त्यात ७७ टक्के मद्यार्काचे द्राक्षांचे स्पिरिट घालतात. त्यामुळे साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क २० टक्क्यांच्या आसपास जातो. टॉनी हा पोर्टचा दुसरा प्रकार लाकडी पिंपात दहा-वीस वर्षे हवेत मुरतो. व्हिंटेज मात्र सुगीनंतर दोन-तीन वर्षांतच, न गाळता, बाटलीत बंद होते, त्यामुळे हवेशी तिची खरी गाठ आपल्या घरीच पडते.

२०१६ ची एक बाटली मी वहीत नोंदी करत चाखली होती. पेला तिरका धरला तरी खालचा पांढरा कागद दिसेना, इतका रंग दाट. कडेला मात्र जांभळे खाल्ल्यावर जिभेवर उरते तशी झाक. नाकाला स्पिरिट झोंबले, आणि गोडव्यामागून कच्च्या जांभळाचा तुरटपणा हिरड्यांना धरून बसला. रुंद बुडाच्या डिकँटरमध्ये, म्हणजे वाईनला हवा देण्याच्या काचेच्या सुरईत, ओतल्यावर दोन तासांत झोंबणे ओसरले आणि पिकलेल्या काळ्या फळांचा वास वर आला. चौथ्या तासाला ती चक्क मुकी झाली. गंध जवळपास नाहीच, नुसता गोडवा आणि तुरटपणा. इथेच धीर सुटतो, माझाही सुटला होता. दुसऱ्या संध्याकाळी त्याच वाईनला व्हायोलेट फुलांचा वास होता, कडू चॉकलेट होते, आणि राळेसारखा एक गंध होता, दोउरोच्या उतारांवर वाढणाऱ्या एश्तेवा या चिकट पानांच्या झुडपाची आठवण करून देणारा. तुरटपणा गेला नव्हता, त्याला वर्षेच लागतात. पण फळ पुढे आल्याने तो आता आधारासारखा मागे उभा होता.

नुसते बूच काढून ठेवण्याने फारसे काही साधत नाही, कारण बाटलीच्या मानेत हवेला नाण्याएवढीच जागा मिळते. वाईन ओतूनच ठेवावी, किमान सहा-आठ तास, आणि मधे मधे घोटभर चाखावी. आपल्या बाबतीत मला दुसरीही शंका येते: मुंबईच्या तीस अंशांत मद्यार्क आधी नाकात जातो. पेल्यातली वाईन १६ ते १८ अंशांवर असावी, म्हणून आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. (गोव्यात पोर्ट म्हणून मिळणाऱ्या स्वस्त गोड वाईनवर मात्र एवढे कष्ट घेऊ नयेत.)

हा सल्ला जुन्या बाटलीला लावू नका. १९६३ किंवा १९७७ ची पोर्ट गाळ वेगळा करण्यापुरती हलक्या हाताने ओतावी आणि त्याच संध्याकाळी संपवावी. रात्रभर उघडी ठेवली तर तिचा नाजूक गंध उडून जाईल. आपल्या उरलेल्या बाटलीला ती घाई नाही. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. माझ्या २०१६ चा शेवटचा पेला मी चौथ्या दिवशी घेतला, तेव्हा फुलांचा वास विरला होता, फळ मात्र शाबूत होते.