वसतिगृहाच्या नव्या अधीक्षकांस

तुम्ही अमळनेर तालुक्यात नुकतेच रुजू झाला आहात, तेव्हा जिन्याच्या कोपऱ्यातील गुटख्याच्या पिचकाऱ्या पाहून सगळीच मुले बिघडली आहेत, असा ग्रह करून घेऊ नका. डाग डोळ्यांत भरतो, न खाणारा मुलगा भरत नाही. आणि हाच चकवा मुलांनाही बसतो. अमेरिकेत पर्किन्स आणि बर्कोविट्झ या संशोधकांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की, आपले सोबती प्रत्यक्षात पितात त्यापेक्षा अधिक मद्य पितात, असे विद्यार्थी समजतात. अशी समजूत पुढे वागण्यालाही वळण देऊ शकते. म्हणून निनावी चिठ्ठ्यांवर दोनच प्रश्न विचारा: तू स्वतः गुटखा खातोस का, आणि दहांपैकी किती जण खात असतील असे तुला वाटते? दोन्हींतील तफावत फळ्यावर मांडा, पण आकडा तिळभरही फुगवू नका. मुलांना ते लगेच कळते. धुळ्यात मी हे केले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा फळ्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि ‘सर, म्हणजे मी एकटाच नाही,’ एवढेच म्हणाला. ज्याला सवय जडलीच आहे, त्याला मात्र समुपदेशकाकडे न्या. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. फाटकासमोरच्या टपरीबद्दल लेखी तक्रार याच आठवड्यात द्या.