साडी धुतली, म्हणून पुरावा संपत नाही

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातील एका गावात आशा स्वयंसेविका आहे. आमच्या वस्तीतील एका बाईवर अत्याचार झाला, त्याला आज तिसरा दिवस आहे. तिने अंघोळ केली, साडी धुतली आणि बाकीचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवले. आता दवाखान्यात जाऊन उपयोग नाही, असे घरचे म्हणतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : ताई, दिवस मोजके असल्याने हे उत्तर तुम्हाला आधीच फोनवर कळवले आहे, इतर वाचकांसाठी ते येथे देत आहोत. घरच्यांचे म्हणणे चुकीचे आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शरीरावरील नमुने साधारणपणे ९६ तासांपर्यंत घेतले जातात आणि त्यानंतरही तपासणी व उपचार नाकारता येत नाहीत. धुतलेल्या कापडाच्या धाग्यांतही डीएनएचे अंश उरू शकतात, त्यामुळे ती साडीसुद्धा सोबत न्यावी.

खरी काळजी त्या पिशवीची आहे. ओलसर कपडे प्लास्टिकमध्ये कोंडले की त्यांना बुरशी धरते आणि मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर डाग लवकर कुजतात. कपडे न झटकता सावलीत वाळू द्यावेत, उन्हात नव्हे, आणि प्रत्येक कपडा वेगळ्या कोऱ्या कागदी पिशवीत ठेवावा.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १८४ प्रमाणे पोलिसांना माहिती मिळाल्यापासून २४ तासांत पीडितेला डॉक्टरांकडे पाठवणे आणि डॉक्टरांनी ७ दिवसांत अहवाल तपास अधिकाऱ्याकडे देणे बंधनकारक आहे. मात्र तपासणी तिच्या संमतीनेच होते, आणि नमुने देण्यास नकार देऊन केवळ उपचार घेण्याचाही तिला हक्क आहे. कलम ३९७ नुसार सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने मोफत उपचार करून पोलिसांना कळवायचे असते. उपचार टाळणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘दोन बोटांची चाचणी’ (योनीमार्गात बोटे घालून बाईला शरीरसंबंधांची सवय आहे का, हे पाहणारी तपासणी) सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अमान्य ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी मानले, तरी तसा प्रस्ताव आलाच तर स्पष्ट नकार द्यावा.

नमुन्यांचा यापुढचा प्रवास आपल्या नजरेआड होतो आणि खटले बहुधा तिथेच लंगडे पडतात. सील केलेले पाकीट मुद्देमालाच्या खोलीत महिनोन्महिने पडून राहिले, तर बचाव पक्षाचा पहिला प्रश्न त्यावरच असतो. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये डीएनए नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवण्याचा, ते कोणाच्या ताब्यात होते याची नोंदवही शिक्षा अथवा निर्दोष मुक्ततेपर्यंत ठेवण्याचा आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट न उघडण्याचा आदेश दिला.

डॉक्टरांपासून अंघोळ किंवा धुणे लपवू नये. तपासणीच्या छापील फॉर्ममध्ये त्यासाठी स्वतंत्र रकानाच असतो. तो भरलेला असेल, तर वीर्य न सापडण्याचे कारण कागदावरच राहते. अहवालाची प्रत तिला विनामूल्य मिळते. ती घेऊनच बाहेर पडावे आणि हा रकाना भरला आहे की नाही, ते तुम्ही तिला वाचून दाखवावे.