अनुदानाच्या भरवशावर झाडं लावण्याआधी
वनीकरणाच्या अनुदानात नवखे बहुधा एकाच ठिकाणी फसतात: मंजुरीपत्र येण्याआधीच खड्डे खणायला घेतात. आधी झालेला खर्च सहसा धरला जात नाही. पैसेही बरेचदा काम झाल्यावर, पावत्या तपासून मिळतात; तोवरची रोकड तुम्हीच घालायची. रोपांचा हिशेब अंतरावरून मांडा: ३ बाय ३ मीटरला हेक्टरी सुमारे १,१११, २ बाय २ ला २,५००. कुंपण, तणकाढणी, नांग्या भरणं (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणं) निदान तीन वर्षांचं धरा, कारण शेवटचा हप्ता अनेकदा जगलेली रोपं मोजूनच सुटतो. काम सुरू होण्याआधीचे जीपीएस नोंदीसह फोटो काढून ठेवा, नंतर ते मिळायचे नाहीत. आणि जिथे जुन्या खुंटांना धुमारे फुटतायत, तिथे लागवड कशाला? चराई नि वणवा रोखला तरी पुष्कळ, आणि स्वस्तही पडतं. फक्त योजनेत अशा आपोआप वाढणाऱ्या झाडोऱ्याला, म्हणजे नैसर्गिक पुनरुत्पादनाला, पैसे आहेत का, ते आधी बघा.