रविवारचा रीस्टार्ट लावण्याआधी एवढं बघा

तुम्ही लिहिलंय की हॉटेलचा लिनक्स बिलिंग सर्व्हर दोन-तीन आठवड्यांनी रखडायला लागतो, रीस्टार्ट केला की सुतासारखा सरळ, म्हणून आता दर रविवारी पहाटे क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) रीस्टार्ट लावायचाय. आत्ताच लावू नका. मडगावात आमच्याकडे हुबेहूब हेच चाललं होतं.

बॅकअप, अपडेट वगैरे तुम्ही करत असालच, ते सोडतो. पुढच्या वेळी सर्व्हर अडला की आधी ‘डीएफ’ (डिस्क किती भरलीय ते सांगणारी कमांड) आणि ‘डीयू’ (दिसणाऱ्या फायलींची बेरीज सांगणारी) चालवून आकडे ताडून बघा. आमच्याकडे डीएफ म्हणे डिस्क भरली, डीयू म्हणे अर्धीपण नाही. बिलिंगची भलीमोठी लॉग (नोंदींची) फाइल रोज रात्री पुसली जायची, पण प्रोग्रामने ती उघडी धरून ठेवलेली. नाव गेलं तरी फाइल बंद होईपर्यंत जागा सुटत नाही. रीस्टार्टमध्ये प्रोग्रामच बंद पडतो, जागा मोकळी होते आणि श्रेय रीस्टार्टला. अशा पुसलेल्या पण उघड्या फायली ‘एलएसओएफ +एल१’ ही कमांड दाखवते. उपाय म्हणजे लॉगरोटेट (जुना लॉग बाजूला सारून नवा सुरू करणारा प्रोग्राम), आणि फाइल बदलल्यावर प्रोग्रामला तसं कळवणं. ते जमत नसेल तर त्याचाच ‘कॉपीट्रंकेट’ पर्याय, म्हणजे लॉगची नक्कल काढून मूळ फाइल जागेवरच रिकामी करणं. एखाद-दुसरी ओळ गळेल, गळू दे.

हे उशिरा कळलं ते एएमसीवाल्यांच्या (वार्षिक देखभालीचं कंत्राट घेतलेल्यांच्या) कृपेने. नाव घेत नाही. फोन केला की पहिला प्रश्न, “रीस्टार्ट मारून बघितला काय?” माणूस यायचा, रीस्टार्ट करायचा, व्हिजिट स्लिपवर सही घेऊन जायचा. रूटचा (मुख्य ॲडमिन खात्याचा) पासवर्ड मागितला तर “कंपनी पॉलिसी”. शेवटी त्यांनीच रविवारचा क्रॉन लावला. त्याआधी बॅकअपसाठी यूएसबी डिस्क जोडून तिची ओळ एफस्टॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) टाकलेली, ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) न लिहिता. पुढे ती डिस्क तेच दुरुस्तीला घेऊन गेले, ओळ तशीच. रविवारी पहाटे सर्व्हर उठला, त्या डिस्कची दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये (नेहमीच्या सर्व्हिस सुरूच होत नाहीत) जाऊन बसला. डिसेंबर महिना, काउंटरवर चेकआउटची रांग, पोरं बिलं हाताने लिहितायत, आणि फोनवर उत्तर: “रविवारी ऑफिस बंद असतं.” एएमसीचे पैसे मात्र आगाऊ!

रीस्टार्ट करूच नये असं माझं म्हणणं नाही. नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याशिवाय लागू होत नाही. उबंटूवर ‘रीबूट-रिक्वायर्ड’ ही फाइल दिसली की समजायचं. पण तो मंगळवार-बुधवारी दुपारी, माणूस समोर बसून करावा. त्याआधी ‘माउंट -ए’ (यादीतल्या डिस्क जोडून बघणारी कमांड) चालवून एफस्टॅब तपासा, आणि प्रत्येक सर्व्हिस ‘एनेबल’ (मशीनबरोबर आपोआप सुरू होणारी) आहे ना तेही. नुसती हाताने चालू केलेली सर्व्हिस रीस्टार्टनंतर आपोआप उठत नाही.

मेमरीचं म्हणाल तर ‘फ्री’चा आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका, लिनक्स रिकामी रॅम कॅशला (वाचलेल्या फायली हाताशी ठेवायला) वापरतोच. ‘अव्हेलेबल’ बघा. दर तासाला कॅश रिकामी करणारी स्क्रिप्ट कोणी सुचवली तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

तुमचा प्रोग्राम वेगळा आहे, त्यामुळे दुखणंही वेगळं असू शकेल. डीएफ-डीयू जुळले तर ‘डीएफ -आय’ (फायलींच्या संख्येची मर्यादा संपलीय का ते) बघा, त्यानंतर त्या प्रोग्रामची मेमरी दिवसागणिक वाढतेय का ते टिपून ठेवा. वाढत असेल तर फक्त ती सर्व्हिस रीस्टार्ट करा, अख्खी मशीन नको. आणि यूपीएसची बॅटरी मिरगाच्या आधी लोड देऊन तपासून घ्या. पावसात लाईट गेली की तसाही फुकटचा रीस्टार्ट होतोच, तोही डेटाबेस अर्ध्यावर असताना.